तेरेखोल एका दिवसात: किल्ला, फेरीबोट आणि महाराष्ट्र-गोवा सीमा, कोणत्या क्रमाने करायचे

तेरेखोलला जाणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा एकाच समजुतीमुळे होते. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गोवा, असे ते धरून चालतात. इथे तसे नाही. तेरेखोल नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी, उत्तर काठावर, तेरेखोल गाव आणि किल्ला आहे. हा उत्तर काठाचा तुकडा गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोडतो. त्याच्या पाठीला लागून रेडी गाव आहे, ते सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला तालुक्यातले. म्हणजे सीमा नदीत नाही, रेडीहून तेरेखोलला जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर आहे.

एवढे नीट समजले की दिवसाची आखणी आपोआप बदलते. महाराष्ट्रातून येणाऱ्याला किल्ला बघायला पाणी ओलांडावे लागत नाही. गोव्यातून येणाऱ्याला मात्र दोनच वाटा आहेत: दक्षिण काठावरच्या केरीहून फेरीबोट, नाहीतर महाराष्ट्रात शिरून वळसा. आणि फेरीत बसून नदी ओलांडलीत तरी राज्य बदलत नाही, दोन्ही धक्के गोव्यातच आहेत.

खालचा क्रम सावंतवाडी, वेंगुर्ला किंवा शिरोड्याहून निघणाऱ्यांसाठी आहे: रेडीचा यशवंतगड, तेथून रस्त्याने सीमा ओलांडून तेरेखोल, फेरीने केरी आणि परतताना किरणपाणी-आरोंदा पुलावरून पुन्हा महाराष्ट्रात. गोव्यातून उलट येणाऱ्यांना काय बदलावे लागते ते शेवटी दिले आहे.

## १. आधी तिथी बघा, मग तारीख ठरवा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते इथे. लोक रविवार बघतात, हॉटेलचे दर बघतात, आणि पाणी बघत नाहीत. केरी-तेरेखोल फेरी नदीच्या मुखाशी चालते. तिथे वाळूचा गाळ साचतो, आणि ओहोटीला पाणी फार उतरले की फेरी खोळंबते. गाडी घेऊन धक्क्यावर दोन तास थांबायची वेळ येते ती यामुळे.

किनाऱ्यावरचे लोक वापरतात तो हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण दिवस ठरवायला एवढे पुरते. नेमकी वेळ हवी असेल तर आदल्या दिवशी भरती-ओहोटीचे कोष्टक मोबाईलवर बघून घ्या.

आता हे आपल्या बेताला लावू. या क्रमात तुम्ही फेरीला साधारण दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान पोचता. त्या वेळी पाणी भरलेले हवे असेल तर पौर्णिमा-अमावास्येपासून चतुर्थीपर्यंतचे दिवस उत्तम. अष्टमी-नवमीला दुपारी ओहोटी असते खरी, पण ते भांगाचे दिवस, पाणी फारसे चढत नाही तसे फारसे उतरतही नाही, त्यामुळे सहसा निभावते. एकादशी ते त्रयोदशी जरा सांभाळून: ओहोटी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येते आणि उधाण जवळ आलेले असल्याने पाणी खोलवर उतरते.

इशारा: पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाच-सहाच्या फेरीवर भिस्त ठेवू नका. उधाणाची भरती दुपारी जितकी वर येते, तितकीच ओहोटी संध्याकाळी खाली जाते.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नदीमुखाशी पाणी खवळलेले असते आणि यशवंतगडावर रान माजलेले असते. त्या दिवसांत हा बेत आखू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल-मेमध्ये जायचेच असेल तर सगळा क्रम दोन तास अलीकडे ओढा.

## २. गाडी कोणती, तिची पाटी कोणती

सीमा ओलांडताना माणसाची ओळख कोणी फारशी विचारत नाही. गाडीची विचारतात.

स्वतःची खासगी गाडी: एमएच पाटीची खासगी गाडी एका दिवसासाठी गोव्यात न्यायला वेगळा परवाना लागत नाही. लायसन्स, नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी एवढे मात्र चालू तारखेचे हवे. डिजिलॉकरमधले चालते, पण निघण्याआधी ते उघडून ठेवा, कारण रेंज सगळीकडे सारखी मिळत नाही. पीयूसीची मुदत संपलेली असणे ही सर्वात जास्त आढळणारी चूक. दुचाकीवर दोघांनाही हेल्मेट हवे.

भाड्याची टॅक्सी: पिवळ्या पाटीच्या गाडीला दुसऱ्या राज्यात जायला परवाना आणि कर यांची पूर्तता लागते. ही जबाबदारी गाडीवाल्याची, पण दिवस तुमचा वाया जातो. गाडी ठरवतानाच सांगा की दोनदा सीमा ओलांडायची आहे, आणि गोव्याचा परवाना आहे का ते विचारा. "बघू तिकडे गेल्यावर" असे उत्तर आले तर दुसरी गाडी बघा.

गोव्यात भाड्याने घेतलेली दुचाकी किंवा गाडी: इथे सर्वाधिक लोक अडकतात. गोव्यातल्या अधिकृत भाड्याच्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात आणि त्या बहुधा गोव्यापुरत्याच दिलेल्या असतात. केरीहून फेरीने तेरेखोलला आलात तर तुम्ही गोव्यातच आहात, अडचण नाही. किल्ल्यावरून "आलोच आहोत तर रेडीचा गणपती करू" म्हणत पुढे निघालात की पाचेक मिनिटांत तुम्ही महाराष्ट्रात असता, आणि त्या गाडीने तिथे असणे तुमच्या भाडेकरारात बसत नाही. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे तर मुळातच बेकायदेशीर आहे, स्वस्त पडते म्हणून ती घेऊ नका.

तपासा: निघण्याच्या आदल्या रात्री चारही कागदांच्या तारखा प्रत्यक्ष वाचा. "आहे सगळे" यावर थांबू नका.

## ३. नकाशात नाव टाकताना

तीन ठिकाणी नावे फसवतात.

केरी नावाचे एक गाव सत्तरी तालुक्यात आहे, चोर्ला घाटाच्या पायथ्याकडे. तुम्हाला हवे ते पेडणे तालुक्यातले, हरमलच्या उत्तरेचे, समुद्रकाठचे. चुकीचे केरी निवडले तर तुम्ही समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीच्या दिशेने निघाल. यशवंतगडही दोन आहेत. दुसरा रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यात नाटे गावाजवळ, जैतापूरच्या खाडीवर. म्हणून "यशवंतगड रेडी" असेच शोधा. तेरेखोल मात्र इंग्रजी नकाशांवर "तिराकोल" अशा उच्चाराच्या पोर्तुगीज धाटणीच्या नावाने सापडते, "तेरेखोल" टाकून कधी कधी फक्त नदी दिसते.

शिवाय नकाशाला फेरी हा रस्त्याचाच भाग वाटतो. तो फेरीची वाट दाखवतो तेव्हा धक्क्यावरची प्रतीक्षा त्या वेळेत धरलेली असेलच असे नाही. दाखवलेल्या वेळेत पाऊण तास आपणच मिळवा.

## ४. बरोबर काय घ्यायचे

थोडेच, पण हे विसरू नका: माणशी दोन लिटर पाणी, बंद बूट, फुल पॅन्ट, टोपी आणि सुटे पैसे. यशवंतगडावर पाणी मिळत नाही. तेरेखोलच्या टेकडीवर पेट्रोल मिळत नाही, टाकी शिरोड्यात किंवा त्याआधीच भरा. किल्ल्यात सेंट अँथनीचे चर्च आहे. आत जायला मिळाले तर अंगभर कपडे हवेत, समुद्रावरच्या पोशाखात जाऊ नये.

ड्रोन घरी ठेवा. एक सीमा, एक संरक्षित वास्तू आणि एक बंदर एवढ्याशा टापूत असताना ते उडवण्यात शहाणपणा नाही.

## ५. सकाळी पहिला यशवंतगड

उलट क्रम लावणारे पुष्कळ. आधी तेरेखोल, मग जमले तर यशवंतगड. हे करू नका, कारण यशवंतगडाला चालावे लागते आणि तेरेखोलला नाही. चालायचे काम उन्हाआधी. शिरोड्याहून सकाळी सातला निघालात तर साडेसातच्या आत गडाच्या वाटेला लागता.

गड रेडीच्या खाडीजवळ आहे. उंच चढ नाही, पण पसारा मोठा. खंदक, एकामागून एक दरवाजे, आणि जांभ्याच्या भिंती. त्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी असे कवटाळले आहे की काही ठिकाणी दगड मुळांच्या आधाराने उभा आहे की मूळ दगडाच्या, ते सांगता येत नाही. नेमकी तीच जागा लोकांना फोटोसाठी चढून बसायची वाटते. चढू नका. जांभा पाणी पिऊन आतून ठिसूळ होतो, वरून धड दिसणारा चिरा पायाखाली निखळतो.

आत शिरल्यावर पहिल्यांदा मुख्य दरवाज्यापासून आतल्या वाड्याच्या अवशेषांपर्यंत सरळ जा, वाट डोक्यात बसवा, आणि मगच तटाच्या बाजूने फिरा. झाडीमुळे सगळे कोपरे सारखे दिसतात. दीड तास पुरतो.

इशारा: ऑक्टोबरात गवत कमरेइतके असते. हातात काठी ठेवा, पाय टाकण्याआधी ती आपटा. पडक्या खोल्यांत आणि विहिरीच्या कडेला मुलांना पुढे सोडू नका. तटावर शेवाळ असेल तर तो भाग सोडून द्या.

तपासा: साडेनऊपर्यंत खाली आला आहात का? नसाल तर रेडीचा गणपती आज सोडा. असाल तर अर्धा तास तिकडे देता येतो. द्विभुज गणपतीची ही मोठी मूर्ती १९७६ साली खाणीच्या भागात सापडली, देवस्थान रस्त्याला जवळ आहे. मंगळवारी आणि संकष्टीला गर्दी असते, तेव्हा अर्धा तास पुरत नाही.

## ६. सीमा ओलांडून तेरेखोल

रेडीहून तेरेखोल चार-पाच किलोमीटर. रस्ता खाणपट्ट्याजवळून जातो, अरुंद आहे, वळणे आंधळी आहेत. वळणावर हॉर्न द्या आणि समोरून ट्रक दिसला तर आपण थांबा.

सीमेवर मोठी कमान वगैरे अपेक्षू नका. चौकीवर थांबवले तर काच खाली करा, कागद दाखवा, कुठे जाणार ते एका वाक्यात सांगा: "किल्ला बघून फेरीने केरी, आणि आरोंद्यावरून परत." मार्ग स्पष्ट सांगितला की पुढचे प्रश्न सहसा येत नाहीत.

किल्ला लहान आहे. यशवंतगडानंतर तो पाहिला की अनेकांना वाटते, एवढाच? म्हणून काय बघायचे ते आधीच ठरवून जा. एक, तटावरून दिसणारे नदीमुख. समोर केरीची वाळू, डावीकडे नदीचा पट्टा, उजवीकडे समुद्र, आणि फेरी ज्या पाण्यातून जाणार आहे ते सगळे पाणी. इथेच उभे राहून दहा मिनिटे फेरीची एक खेप पूर्ण बघा. ती सरळ जाते की वाळूचा उंचवटा टाळून वळसा घेते, धक्क्यावर किती गाड्या उभ्या आहेत, हे सगळे वरून दिसते आणि खाली कधी उतरायचे ते ठरवता येते. दोन, आवारातले चर्च. तीन, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता, तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्याच ताब्यात होता. तिथे दोन मिनिटे थांबा, आणि मुलांना ते वाचायला लावा.

इशारा: या किल्ल्यात अनेक वर्षे हेरिटेज हॉटेल चालवले गेले आहे. त्यामुळे हा यशवंतगडासारखा मोकळा किल्ला नव्हे. बाहेरच्यांना कोणता भाग कधी खुला आहे ते फाटकावर विचारल्याशिवाय आत घुसू नका. लांबून येत असाल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. चर्च बहुधा बंद असते, उघडा म्हणून हट्ट धरू नये.

पाऊण तास ते तास इथे पुरे.

## ७. फेरी

किल्ल्याकडून रस्ता उताराने धक्क्यावर उतरतो. गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याची ही फेरी माणसे, दुचाकी आणि चारचाकी तिन्ही नेते. पाण्यातला प्रवास काही मिनिटांचा, वेळ जातो तो थांबण्यात.

क्रम असा ठेवा:

१. धक्क्यावर आल्याबरोबर आधी एकाने उतरून वेळापत्रक वाचायचे आणि फेरीवाल्याला विचारायचे: पुढची कधी, आज पाण्यामुळे काही बदल आहे का, शेवटची कधी. मगच गाडी रांगेत लावा. उलट केले तर गाडी पुढे-मागे अडकते.

२. चालक सोडून बाकी सगळ्यांनी गाडीतून उतरायचे आणि पायी चढायचे. गाडी हलकी होते आणि फेरीत चढायच्या उतरत्या फळीवर घासत नाही.

३. ओहोटीला फळीचा उतार तीव्र होतो. बुटक्या गाडीचा पुढचा बंपर त्या कोनात घासतो, "टर्रर्र" असा आवाज येतो आणि चालक घाबरून अर्ध्यावर ब्रेक मारतो. तेच करू नका. पहिल्या गियरमध्ये, किंचित तिरक्या कोनात, एका दमात चढवा. शंका असेल तर पाणी चढेपर्यंत थांबा, तासाभराने तोच उतार बराच सौम्य झालेला असतो.

४. फेरीवरचा कामगार हात दाखवील तिथेच गाडी उभी करा. आपल्या मनाने जागा निवडू नका, तो वजन दोन्ही बाजूंना वाटत असतो. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गियरमध्ये.

५. दुचाकी साइड स्टँडवर सोडून फोटो काढायला जाऊ नका. धरून उभे राहा.

६. शुल्क द्यावे लागते तिथे सुटे पैसे द्या.

तपासा: फेरी बंद आहे किंवा तासाहून जास्त थांबायचे आहे असे कळले तर रेंगाळू नका. आल्या वाटेने रेडी, शिरोडा, आरोंदा असे जाऊन पुलावरून किरणपाणीला उतरा आणि केरी तिकडून करा. वळसा पडतो, पण दिवस वाचतो. गोव्याची भाड्याची गाडी असेल तर हा पर्याय तुम्हाला नाही, तुम्ही थांबायचे.

## ८. केरी, जेवण आणि पाणी

केरीला सुरूच्या बनात सावली असते, जेवायला आसपास साधी हॉटेले मिळतात. दोन तास आरामात जातात.

पोहण्याबद्दल मात्र ठाम सांगतो: नदीमुखाच्या बाजूला पाण्यात उतरू नका. वरून पाणी संथ दिसते, पण ओहोटी लागली की नदीचे आणि भरतीचे दोन्ही पाणी त्याच चिंचोळ्या वाटेने बाहेर ओढले जाते. चांगला पोहणाराही त्या ओढीत टिकत नाही. पाय भिजवायचे असतील तर धक्क्यापासून दूर, दक्षिणेकडे चालत जा, आणि गुडघ्यापुढे जाऊ नका.

## ९. परतीची सीमा: आरोंदा

केरीहून आतल्या रस्त्याने किरणपाणी, आणि तिथून तेरेखोल नदीवरच्या पुलाने आरोंदा. या ठिकाणी मात्र नदी हीच सीमा आहे: पुलाच्या या टोकाला गोवा, त्या टोकाला सिंधुदुर्ग. अंधार पडण्याआधी पूल ओलांडा, तपासणी असेल तर ती उजेडात झालेली बरी.

तपासणी कशाची, हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी लोक पकडले जातात. "दोन बाटल्या चालतात", "बिल असले की झाले", "सील फोडलेले नसले की प्रश्न नाही" या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परराज्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे. गोव्यातल्या दुकानाचे बिल हे फक्त तुम्ही ती तिथे विकत घेतल्याचा पुरावा आहे, महाराष्ट्रात आणायची परवानगी नव्हे. पकडले गेल्यास गुन्हा नोंद होतो आणि गाडीही जप्त होऊ शकते. कुटुंबाबरोबर असताना एका बाटलीपायी रात्र चौकीवर काढण्याची वेळ आणू नका.

तपासा: किरणपाणीला पोचण्याआधी गाडी बाजूला घेऊन डिकी आणि सगळ्यांच्या पिशव्या एकदा बघा. बरोबर कोणी मित्र किंवा पाहुणा असेल तर त्याला स्पष्ट विचारा. गाडीत सापडलेल्या मालाचे उत्तर चालकालाही द्यावे लागते. काजू, कोकम, खाजे, बेबिंका यांना कोणी हात लावत नाही.

## गोव्यातून येत असाल तर

सकाळी केरीहून फेरी धरा, किल्ला बघा, आणि त्याच फेरीने परता. गाडी गोव्याची भाड्याची असेल तर ती तेरेखोलच्या धक्क्याजवळ किंवा किल्ल्यापाशी लावा आणि रेडीचा मोह सोडा. यशवंतगड बघायचाच असेल तर गाडी केरीलाच ठेवून पायी फेरीत चढा आणि पलीकडून रेडीची रिक्षा करा. पण रिक्षा धक्क्यावर उभी असतेच असे नाही, म्हणून आदल्या दिवशी ठरवून ठेवलेली बरी. तुमच्यासाठी तिथीचा हिशेब दोनदा करायचा: जाताना एकदा, येताना एकदा. परतीच्या फेरीची वेळ सकाळी उतरतानाच विचारून घ्या.

## एसटीने करायचे असेल तर

जमते, पण यशवंतगड आणि तेरेखोल यांतले एकच धरा. सावंतवाडी रोड स्टेशन शहरापासून लांब, मळगावला आहे, त्यामुळे रेल्वेने उतरून थेट एसटी मिळेल असे गृहीत धरू नका. आधी रिक्षाने सावंतवाडी बसस्थानक, तिथून शिरोडा किंवा रेडीची गाडी. रेडी ते तेरेखोल रिक्षा, दर आधी ठरवून. फेरीने पायी केरी, आणि तिथून हरमल किंवा म्हापशाकडे जाणारी बस. परत सिंधुदुर्गात यायचे असेल तर म्हापसा किंवा पेडण्याहून सावंतवाडीकडे जाणारी गाडी धरावी लागते. शेवटच्या गाडीची वेळ सावंतवाडी स्थानकाच्या चौकशी खिडकीवर सकाळीच विचारा, आणि केरीहून दुपारी साडेतीनपर्यंत निघा.